हवालदारांचा हुकूम

विजयमालानं वळकटीवर गुडघा रोवला आणि दोन्ही हातांनी दोर ओढला. गाठ मारेपर्यंत तो पुन्हा सैल झाला. ओट्यावर बसलेल्या हवालदारांनी हातातल्या काठीचं टोक वळकटीत खुपसलं. ते सहज आत गेलं.

"सोड," ते म्हणाले. "पुन्यांदा बांध."

"आबा, तीनदा बांधली."

"पलटणीत धा वेळा बांधायला लावायचे. वर शिव्या. आवळ, आवळ. सतरंजी हाय ती, वासरू न्हवं."

तिनं दोर सोडला. अंगणात सकाळचं ऊन होतं, पण त्यात जोर नव्हता. जानेवारी लागला होता. सांगलीच्या शाळेतून तिनं दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली होती आणि गुरुवारी मुंबईची गाडी धरायची होती. तिथून बोट. बोट टांझानियाला जाणार होती. हे नाव गावात अजून कुणाला धड म्हणता येत नव्हतं. 'आफ्रिका' एवढंच सगळ्यांना पुरायचं.

"तिकडच्या भाषंतले आकडे म्हण," हवालदार म्हणाले. "हात चालू दे, तोंडानं म्हण."

"मोजा, म्बिली, टाटू."

"मोजा म्हंजी एक?"

"हो."

"बराबर हाय. मोजायचं म्हणलं की एकापासनंच सुरू करायचं." ते स्वतःच्या विनोदावर हसले आणि खोकले. "म्होरं?"

ती पुढं म्हणू लागली तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"विजे, तुझ्या बापाला इचार, भाकरी आत्ता वाढू का मागनं."

हवालदार स्वयंपाकघराच्या दारापासून चार हातांवर होते. त्यांनी मुलीकडं पाहिलं.

"सांग, आत्ता."

"आई, आत्ता म्हणतात."

"कोरड्यास आमटी हाय म्हणावं. पिठलं पायजे असंल तर थांबावं लागंल."

"आमटी चालतीया म्हणावं," हवालदार म्हणाले. मग हळूच, "आमटी रोजच हाय."

"ते ऐकू आलं म्हणावं," आई आतून म्हणाली.

दिवाळीपासून हे असं चाललं होतं. चंद्राबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला होता आणि विजयमाला शनिवारी-रविवारी गावी आली की दोघांच्यामधली टपालवाली होत असे. ती नसली की हे काम शेजारची सुलाबाई करायची, आणि मग पाणवठ्यावर नकलाही करून दाखवायची.

अबोल्याचं कारण ही बोट होती.

दिवाळीच्या सुट्टीत, रात्रीच्या जेवणावर, विजयमालानं सांगून टाकलं होतं की मुंबईच्या एका संस्थेनं तिला निवडलं आहे. तिकडं मुलींची शाळा आहे, गणित शिकवायला माणूस नाही. दोन वर्षं. राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च, पगार नाही. हे सगळं तिनं खाली बघत, एका दमात सांगितलं. आईचा भाकरी थापणारा हात थांबला.

"कुणी सांगितलं हिला हे धंदं करायला?"

"मी," हवालदार म्हणाले.

त्यांनी घाससुद्धा खाली ठेवला नव्हता. आईला कळलं त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. अर्ज, मुंबईची मुलाखत, डॉक्टरची तपासणी, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. विजयमालानं मान वर केली तेव्हा ते आमटीत भाकरी कुस्करत होते.

"माझा हुकूम हाय," ते म्हणाले. "जाऊ दे तिला."

गावाला ते लगेच पटलं. हवालदार लढाईत आफ्रिकेतल्या हबसाणात गेले होते. तिकडचे डोंगर त्यांनी चढले होते, गुडघ्यात गोळीची खूण घेऊन आले होते. म्हाताऱ्याच्या डोक्यातून आफ्रिका गेली नाही, आता पोरीला धाडतोय, असं चावडीवर ठरलं. नाथाजी न्हाव्यानं तर तोंडावर विचारलं होतं, "हवालदार, बिनपगारीच शिकवायचं तर आपल्या शाळंत काय वाईट हाय? हितल्या पोरास्नी तरी कुठं काय येतंय?" हवालदारांनी साबण लावलेल्या तोंडानं उत्तर दिलं होतं, "तुलाच धाडणार हुतो. पर तिकडं समद्यांचे केस बारीक असत्यात."

पहिल्या दिवशी विजयमालाची जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवसापासून गप्प राहणं सोयीचं झालं. एकदा विहिरीवर ती म्हणाली होती, "आबा, आईला मी खरं सांगते."

"सांग की," ते मोट नसलेल्या धावेकडं बघत म्हणाले होते. "घाई काय हाय? माझ्याशी न बोलता ती दोन म्हैनं काढंल. आमाला सवय हाय. तुझ्याशी बोलायची बंद झाली तर तू जाशील का?"

ती गेली नसती. हे त्यांना कळत होतं आणि तिलाही.

तिला जायचं होतं ते का, हे तिला नीट मांडता आलं नसतं. सांगलीच्या वर्गात ती चार वर्षं तोच त्रिकोण फळ्यावर काढत होती. दरवर्षी तो काढून होईपर्यंत दोन बाकं रिकामी व्हायची. मुली सासरी जायच्या. उरलेल्या तिच्याकडं बघायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असायचा, बाईंचं कधी. तिला एकदा अशा वर्गात उभं राहायचं होतं जिथं ती कुणाची कोण हे कुणालाच माहीत नसेल. याला कारण म्हणता येईल का, याची तिला खात्री नव्हती. रात्री मात्र त्याच्यामुळं झोप लागत नसे.

चौथ्या वेळी वळकटी जमली. काठीचं टोक आत गेलं नाही. हवालदारांनी मान हलवली आणि विचारलं, "पैल्या दिवशी वर्गात काय करणार?"

"नावं विचारीन."

"इचार. पर नीट म्हणायला शीक. आमचा गोरा सायब समद्यांना एकाच नावानं हाक मारायचा. तो मेला तवा कुणाला रडू आलं न्हाई." ते काठी टेकत उठले. "नाव नीट घेतलं म्हंजी निम्मी पलटण आपली."

संध्याकाळी गारठा पडला. विजयमाला आत कंदिलाची काच पुसत होती. आईनं वाकळ उचलली, ती बाहेर गेली, आणि विजयमालाला तिचा आवाज ऐकू आला.

"तुझ्या बापाला सांग, गारठा हाय. पांघरून बसा म्हणावं."

ओट्यावर हवालदारांशिवाय कुणीच नव्हतं. मग आई आत आली आणि चुलीपुढं बसून उगाच लाकडं मागंपुढं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार हुरड्याची कणसं आणायला शाळवात गेले. बांधावर बसले ते उठले नाहीत. चौघांनी त्यांना उचलून आणलं तेव्हा त्यांच्या मुठीत एक कणीस होतं. ते सोडवायला वेळ लागला.

मुलगा नव्हता, म्हणून धाकट्या भावानं, लालासाहेबांनी, अग्नी दिला. दारावर बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, चंद्राबाई त्यांना सांभाळत होत्या. स्वतः त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. राख सावडून सगळी माघारी आली त्या दुपारी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "मी बोलले न्हाई ह्यांच्याशी."

विजयमाला पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होती. तो तिनं खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि पाणी कुणीच मागितलेलं नसताना बाहेर नेऊन दिलं.

गुरुवार गेला. तिनं मुंबईला तार केली होती. उत्तर आलं की पुढल्या महिन्यातल्या बोटीवर जागा ठेवतो, कळवा. ती तार तिनं सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि दिवळीत ठेवली. कळवायचं काय, ते कुणी बोललं नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि माणसं मागं सरून उभी राहायच्या आत कावळा उतरला. एवढ्या लवकर कधी कुणाच्या पिंडाला कावळा शिवलेला गावानं पाहिला नव्हता. भटजी नुसतेच हात जोडून राहिले. कावळा अडून बसला तर काय काय कबूल करायचं ते लालासाहेबांनी मनात जुळवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

तेरावा झाला. सोयरीधायरी आपापल्या गावी गेली. दुसऱ्या दिवशी लालासाहेब सकाळीच आले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि ओट्यावर बसले. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"वैनी, रीत तुमाला ठावं हाय. वरसाच्या आत पोरीचं उरकाय पायजे. न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागतंय. तवर ही तिशीची हुईल."

चंद्राबाई सुपात डाळ निवडत होत्या. हाताला बांगड्या नव्हत्या, त्यामुळं सूप हलायचं तेवढाच आवाज.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"विट्याचं स्थळ हाय. पोराचं मदुराईला दुकान हाय, सोनं गाळायचं. घरचं चांगलं. पोरगा निर्व्यसनी." ते विजयमालाकडं वळले. "तुला परमुलूखच पायजे न्हवं? मग ही घे मदुराई. तिथं बी कुणाला मराठी येत न्हाई. आन् दिवाळीला माघारी येता येतंय."

विजयमालाला हसू आलं आणि त्याची लाज वाटली.

"ती जाणार," चंद्राबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"ह्यांनी धाडलंय तिथं."

लालासाहेबांनी पागोटं मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. "आवं वैनी, दोन म्हैनं तुमीच तर भांडत हुता त्याच्याशी."

"भांडत न्हवते. बोलत न्हवते."

"तेच त्ये. आता तो न्हाई. त्याचा हुकूम त्याच्यासंगं गेला. अग्नी मी दिलाय, जबाबदारी माझी हाय. आन् कावळा कसा शिवला बघितलं न्हवं? चटदिशी. म्हंजी त्याचा जीव कशात अडकला न्हवता. पोरीच्या जाण्यात अडकला असता तर बसला असता झाडावर दुपारपातूर."

"जीव अडकला न्हवता," चंद्राबाई म्हणाल्या, "कारण ती जाणार ह्याची त्यांना खातरी हुती."

एका कावळ्याचे दोन अर्थ निघतील हे लालासाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तू बोल गं," ते शेवटी विजयमालाला म्हणाले. "शिकलेली हायस. बाप म्हणला म्हणून जायाचं का? तुझ्या मनात काय हाय?"

दोघंही तिच्याकडं बघत होते. सूप थांबलं होतं. ती उठून दिवळीजवळ गेली, तारेवरची धूळ पुसली. तार तेरा दिवसांचीही नव्हती, धूळ नव्हतीच.

"आई म्हणेल तसं," ती म्हणाली.

"घ्या!" लालासाहेबांनी मांडीवर हात मारला. "फळ्याफुडं दिसभर बोलती आन् घरात मुकी." त्यांनी पागोटं डोक्यावर चढवलं. "वैनी, तुमी त्याच्यावरचा हट्ट पोरीवर काढताय, एवढंच सांगतो."

"हट्ट न्हाई, भावजी. दोन म्हैनं त्यांचा एक शबुद ऐकला न्हाई मी. आता एक तर ऐकू द्या."

त्यानंतर लालासाहेब त्या विषयावर बोलले नाहीत.

विजयमालाचे दिवस मात्र सरेनात. आता कसलीच अडचण नव्हती आणि तिला एका जागी बसवत नव्हतं. शाळवाची काढणी सुरू झाली तेव्हा ती रानात गेली, दोन पेंढ्या बांधून परत आली. पुस्तक उघडून आकड्यांच्या पुढचे शब्द पाठ करायला बसली. पाणी, खडू, बसा, पुन्हा सांगा. एकेक शब्द तोंडात यायचा आणि तिथंच राहायचा. आई तिच्यासाठी मेतकूट करत होती, शेंगांची चटणी कुटत होती, येईल त्या बाईला सांगत होती, "ह्यांचा हुकूम हाय, काय करता." पूर्वी हेच शब्द ती दात ओठ खाऊन म्हणायची. आता त्यात एक प्रकारची ऐट आली होती. सुलाबाईनं एकदा टोकलं, "माघारी यील ना गं ती? का तिकडंच एखादा काळा बघंल?" त्यावर आई शांतपणे म्हणाली, "ह्यांनी बघून ठेवलाय तो मुलूख. ह्यांना ठावं हुतं काय करतोय ते."

विजयमाला आतल्या खोलीत हे ऐकत उभी होती. तिनं खडूच्या शब्दावर बोट ठेवलं होतं.

जायच्या दिवशी लालासाहेबांनी न बोलावता येऊन ट्रंक खांद्यावर घेतली. फाट्यापर्यंत तिघं चालत गेली. त्यांनी ट्रंक लिंबाखाली ठेवली, घाम पुसला, आणि "च्या पिऊन येतो" म्हणून समोरच्या टपरीत गेले. तिथून पाठ करून बसले.

मायलेकी ट्रंकेवर टेकल्या. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. दुष्काळात लावलेली बाभळीची रोपं आता कमरेएवढी झाली होती. आईनं पदराच्या गाठीतून सुपारीचं खांड काढलं, तोंडात टाकलं.

"एक सांगायचं हुतं तुला," ती म्हणाली.

"काय?"

"राग सोडला मी ह्यांच्यावरचा. काल सांजच्याला दिवा लावला तवा. मोठ्यानं बोलले. म्हणलं, लेक लांब धाडली तुमी, मला न इचारता. लय वंगाळ केलं. पर जाऊ द्या, आता मी माफ केलं तुमाला." तिनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मग बरं वाटलं बघ. झोप लागली. ह्यांचं आन् माझं आता काय ऱ्हायलं न्हाई."

तिचा चेहरा खरंच सैल झाला होता. तेराव्यानंतर पहिल्यांदाच तिनं सकाळी पोटभर खाल्लं होतं. दुसरी भाकरी मागून घेतली होती.

विजयमालानं रस्त्याकडं पाहिलं. वळणावर धुळीचा लोट दिसला, मग विट्याच्या गाडीचं तांबडं तोंड. अजून दोन मिनिटं. गाडीत बसायचं, खिडकीतून हात करायचा. आईला झोप लागत राहिली असती. आबांचं नाव चावडीवर तसंच राहिलं असतं, आफ्रिका डोक्यात गेलेला म्हातारा, पण आता घरात त्याला माफी मिळाली होती. कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"ऊठ," आई म्हणाली. "पाया पडतीस न्हवं?"

लालासाहेब टपरीतून धावत आले आणि ट्रंक उचलायला वाकले. विजयमाला ट्रंकेवरून उठली नाही. तिनं आईचं मनगट धरलं.

"तात्या, जरा थांबा," ती चुलत्यांना म्हणाली.

"अगं गाडी—"

"थांबा."

ते मागं सरले. गाडी आली, थांबली. दार उघडून कंडक्टरनं बाहेर डोकं काढलं.

"आई, आबांना माफ करू नको," ती म्हणाली.

"काय म्हणतीस?"

"त्यांनी काय केलंच नव्हतं. मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. दिवाळीत तुला कळलं तेव्हाच त्यांना कळलं, घास हातात असताना. तू माझ्यावर रागवू नयेस म्हणून 'मी' म्हणाले. अर्ज मी केला. मुंबईला मी गेले. हुकूम कुणाचाच नव्हता."

चंद्राबाईंचं तोंड सुपारी चघळता चघळता थांबलं. विजयमालाच्या हातातलं मनगट जड झालं. आईनं ते सोडवून घेतलं नाही. ती समोर बघत राहिली, गाडीच्या चाकांकडं.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "बसायचं हाय का न्हाई, बाई? उशीर होतोय."

"आई," विजयमाला म्हणाली. "मला जायचं होतं. आबा होते तेव्हा पण. आणि आता, हे सगळं तुला सांगून झाल्यावर पण, मला जायचंय."